अंगठ्याचं वजन

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे. जिना अरुंद, कठडा सैल. वर एक टेबल, चार खुर्च्या आणि एक खिडकी. खिडकी उघडली की खालच्या हातोडीचे ठोके थेट टेबलावर येऊन पडतात. या खोलीत बसणाऱ्या बाईंना लोक तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘काटा’. तराजूचा काटा. जिना उतरताना काही आईबाप म्हणत, तराजूचा कसला, पायात मोडतो तो.

बाईंचं काम एका वाक्यात सांगता येतं. पोरगं कुठल्या विद्यापीठात जाऊ शकेल, ते सांगायचं. मोठी विद्यापीठं ढिगातून मूठभर उचलतात. त्या दारात उभं राहावं की नाही, हे आधी कळलं तर पोराचं वर्ष वाचतं. बाईंनी उभी हयात अशाच एका विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत काढली होती. आलेला अर्ज उघडायचा, वाचायचा, ठेवायचा नाहीतर बाजूला सारायचा. पहिली चाळणी त्यांच्या हातात होती. निवृत्त झाल्यावर त्या चाळणीच्या अलीकडे येऊन बसल्या, एवढंच.

टक्केवारीत त्या बोलत नसत. त्यांचे निकाल तीनच. ‘हाताला येतं’, म्हणजे नीट काम केलंस तर मिळेल. ‘उडीनं येतं’, म्हणजे उडी मार, पण पडलास तर कशावर पडशील ते आधी बघून ठेव. आणि तिसरा, ‘आभाळातलं’. तो ऐकला की आया पदराशी चाळा करायला लागत आणि बाप खिडकीबाहेर बघत.

गुणपत्रिका समोर आली की बाई ती उलटी घालून ठेवत. “गुण दिसले. आता मेहनत सांग,” म्हणत. “कुणी न सांगता काय केलंस? ते कुठे बिघडलं? बिघडल्यावर काय केलंस?” इथे भलेभले अडखळत. एक मुलगा उन्हावर चालणारी चूल घेऊन आला होता. देखणी चूल. बाईंनी विचारलं, “हे भोक कशानं पाडलंस?” मुलगा बापाकडे बघायला लागला. बाई बापाला म्हणाल्या, “प्रवेश तुम्हाला हवाय का? वय उलटलंय हो तुमचं.”

बापाचा हात त्यांना लगेच दिसायचा. पोरानं स्वतः केलेलं असलं की त्याला थांबवावं लागतं, आणि बापानं केलेलं असलं की पोराला ओढावं लागतं, अशी त्यांची खूण होती. दुसरं म्हणजे फुगवून बोललेलं त्यांना खपत नसे. “केलं असेल त्यापेक्षा चार आणे कमी सांगा,” असं त्या प्रत्येक पोराला बजावत. “उरलेलं ऐकणाऱ्याला शोधू दे.”

आणि तिसरा नियम होता अंगठ्याचा. ओळखीच्या माणसाचं वजन करताना आपला अंगठा नकळत पारड्यावर पडतो. पडतोच. नाही पडत म्हणणारा खोटं बोलतो. म्हणून ओळखीचं पोर आलं की बाई आधी मनात निकाल ठरवत आणि मग त्यातून अंगठ्याचं वजन काढून टाकत. म्हणजे निकाल एक पायरी खाली. शेजारणीच्या पोराला असंच ‘हाताला येतं’चं ‘उडीनं येतं’ करून दिलं होतं. शेजारीण बरेच दिवस बोलत नव्हती. बाईंचं काही अडलं नाही.

सख्ख्या माणसाचं मात्र त्या वजनच करत नसत.

हे सगळं माहीत असूनही अर्जाचं दार बंद व्हायच्या आदल्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन जिना चढून आला. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मागे त्याची मुलगी, जिला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण लहानपणापासून ती आपल्याहून मोठी वस्तू उचलून कुठेतरी नेत असायची.

“मी घरच्यांचं वजन करत नाही,” बाई म्हणाल्या. “किती वेळा सांगू?”

“मग बाहेरची समज तिला,” भाऊ म्हणाला.

“तुझं नाक आहे तिच्या तोंडावर. कशी समजू?”

“नाकाचं राहू द्या ताई,” भावजय खुर्ची ओढत म्हणाली. “उद्या पाचला दार बंद होतंय. आणि ही हटून बसलीय. आत्यानं सांगितल्याशिवाय पाचवं नाव टाकणार नाही म्हणते.”

अडचण खरी होती. एकाला पाचच विद्यापीठांत अर्ज करता येत होता. मुंगीची चार नावं भरून झाली होती. तीन उडीनं येणारी, एक हाताला येणारं. पाचवी जागा रिकामी होती. तिथे एकतर दूरच्या शहरातलं ते मोठं विद्यापीठ टाकायचं, जिथल्या यंत्रशाळेचं चित्र मुंगीच्या पलंगाशी चिकटवलेलं होतं. नाहीतर आणखी एक हाताला येणारं टाकून पायाखालची जमीन पक्की करायची. मोठं टाकलं आणि उड्या चुकल्या, तर सगळा भार एकाच दोरावर.

बाईंनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

“दाखव काय आणलंयस.”

भावानं फडकं सोडलं. लाकडी चौकट, तिच्यात दोन उभे लोखंडी गज, आणि गजांमधून वर-खाली सरकणारा एक डबा. डबा वरून एका दोऱ्याला टांगलेला. डब्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडाच्या छोट्या पाचरी. मुंगीनं डब्यात खालच्या दुकानातून आणलेले खिळे भरले, कात्री घेतली आणि दोरा कापला.

खट.

डबा पडला नाही. होता तिथेच राहिला, गजांना घट्ट चावून.

बाईंनी त्याला बोटानं दाबून बघितलं. जितकं दाबावं तितका तो जास्त घट्ट होत होता. दोरा ताणलेला असेपर्यंत पाचरी बाजूला राहायच्या, दोरा ढिला पडला की स्प्रिंगांच्या जोरानं आत घुसायच्या. लिफ्टची दोरी तुटली तर काय, याचं हे उत्तर होतं.

“का केलंस?”

“बाबा लिफ्टच्या खड्ड्यात उतरतात ना,” मुंगी म्हणाली. “मी लहानपणी विचारायचे, दोरी तुटली तर? ते म्हणायचे, ब्रेक असतो. मी म्हणायचे, दाखवा. तो काही दाखवता येत नाही. दोरी कापावी लागेल.”

“म्हणून हे?”

“हो.”

“कुणी केलं?”

“बाबांनी आणि मी.”

बाईंनी भावाकडे पाहिलं.  भाऊ मिशीतल्या मिशीत हसला. पोरीनं बापाचं नाव आधी घेतलं, याचाच त्याला इतका आनंद झाला होता की ते बरोबर आहे की नाही हे बघायचं राहूनच गेलं.

“कुठे बिघडलं?”

“बऱ्याच ठिकाणी.”

“मग?”

“मग बसलं.”

बाई वाट बघत राहिल्या. पोरगी पुढे बोलेना. खाली कुणीतरी चाक फिरवून घंटी वाजवून बघत होतं. ओढावं लागतंय, बाईंच्या मनात आलं. ज्यानं पाचर घासलीय तो ‘मग बसलं’वर थांबत नाही. आणि बाप लिफ्टवाला. घरात पकड, कानस, भंगार लोखंड. आणखी काय हवं?

तरीही वजन कमी भरत नव्हतं. गुण चांगले होते. पोर कामाची होती, हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. मनात निकाल आला, उडीनं येतं. काठावरचं, पण उडीनं. मग त्यांनी पारड्यावरचा अंगठा पाहिला. हिच्या बाबतीत तर अंगठा नाही, अख्खा हातच पडलेला असणार. त्यांनी तो उचलला.

“आभाळातलं,” त्या म्हणाल्या. “पाचवी जागा वाया घालवू नकोस.”

भावजयीनं श्वास आत घेतला आणि तिथेच धरून ठेवला. भाऊ चौकटीवर फडकं टाकायला लागला. फडकं सरळ बसेना. मुंगीनं कापलेला दोरा उचलून बोटाभोवती गुंडाळला, पार शेवटपर्यंत.

“बरं, आत्या,” ती म्हणाली.

रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. भावजय एकटीच आली होती. बसली नाही.

“रात्रीपासून घरात कुणी धड बोलत नाहीये,” ती म्हणाली. “म्हणून मी बोलायला आलेय. तुम्हाला काय वाटलं ताई, ते ह्यांनी केलं?”

“मला वाटून काय होतंय? पोर स्वतःच म्हणाली.”

“पोर म्हणाली! अहो, ती भाजी चिरली तरी म्हणते आईनं आणि मी. कुणी शिकवलंय तिला? लहानपणी शाळा सुटली की याच जिन्यावर बसून अभ्यास करायची. वरून तुमचं पालुपद कानावर. चार आणे कमी सांगा, चार आणे कमी सांगा. ती बारा आणे कमी सांगते. गुणी आहे ना!”

बाईंनी टेबलावरचा कागद सरळ केला.

“आणि ह्यांचा हात म्हणाल,” भावजय थांबायला तयार नव्हती, “तर ह्यांना हात लावू दिला असता तर घरात शांतता तरी राहिली असती. दोघांचं रोज वाजायचं. हे म्हणायचे असं कर, ती म्हणायची नाही. शेवटी तिनं ह्यांना चौकटीजवळ येऊ द्यायचंच बंद केलं. भंगार आणून दिलं ह्यांनी, तेवढंच. आणि काल बसले मिशा पिळत! मी घरी गेल्यावर बघितलं त्यांच्याकडे.”

“आईची साक्ष मी धरत नाही,” बाई म्हणाल्या.

“मग नका धरू. येऊन बघा.”

बाई उठल्या. खोलीला कुलूप लावताना किल्ली दोनदा उलटी गेली.

भावाचं घर दोन खोल्यांचं होतं. भाऊ कामावर गेला नव्हता. रजा टाकून पलंगावर बसला होता, चौकटीकडे पाठ करून. मुंगी आत भांडी घासत होती. बाई आल्याचं तिनं ऐकलं असणार, पण बाहेर आली नाही.

“हे खोल,” बाई भावाला म्हणाल्या.

“कशाला?”

“सगळं सुटं कर. पाचरी, स्प्रिंगा, सगळं. आणि परत बसव.”

भावाला कळलं. कान लाल झाले. क्षणभर तो बहिणीकडे नुसता बघत राहिला, लहानपणी चोरून काही खाताना सापडल्यावर बघायचा तसा. मग खाली मांडी घालून बसला.

खोलायला वेळ लागला नाही. आयुष्य असल्याच कामात गेलेलं. जमिनीवर कागद पसरून त्यानं सगळे भाग ओळीनं मांडले, पुसले आणि बसवायला घेतले. हात सराईत. बाई त्याच्या बोटांकडे नाही, तोंडाकडे बघत होत्या. तो मुद्दाम चुकेल का? पोरीसाठी बाप काय करत नाही? चुकला तर ती चूक खरी की दिलेली, हे ओळखायचं होतं. 

भावानं डबा टांगला, खिळे भरले, दोरा कापला.

खट. आणि मग, खाली सरकून, खट.

डबा वाकडा होऊन वीतभर खाली जाऊन अडकला होता.

“दोरा नीट नव्हता,” भाऊ म्हणाला. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. कपाळावर घाम आला होता. मुद्दाम चुकणाऱ्याला असा घाम येत नाही.

खट. खट.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“अरे पण का?” भाऊ पाचरी हातात घेऊन उजेडाकडे गेला. बहीण, अर्ज, सगळं विसरला होता. “हे बघ! ही एक पाचर आखूड आहे. बरोबर आहे, वाकडा होणारच डबा. दोन्ही सारख्या पाहिजेत. कुठल्याही लिफ्टमध्ये सारख्याच असतात.” त्यानं लांब पाचर पकडीत धरली आणि खिळ्याला टांगलेली कानस ओढली.

“बाबा, कानस ठेवा!”

मुंगी दारात उभी होती. हातांवरून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

“ठेवा आधी खाली! घासू नका. तुम्ही आखूड पाचर उजवीकडे लावलीत, ती डावीकडची आहे. आतून ऐकू आलं मला, दोनदा वाजलं. डब्याला एका बाजूला दाराची बिजागरी आहे ना, ती बाजू जड आहे. दोन्ही पाचरी सारख्या केल्या की जड बाजू आधी चावते आणि डबा तिरका होतो. मी पण आधी सारख्याच केल्या होत्या. सात पाचरी फुकट गेल्या त्यात. मग मी बिजागरी काढून बघितली, तर डबा सरळ राहिला, पण दार कसं लावणार? म्हणून मग जड बाजूची पाचर थोडी उशिरा चावायला पाहिजे, म्हणून ती घासली, पण जास्त घासली तर दुसरीवर सगळा भार येतो, म्हणून एक-दोन हात घासायची आणि कापून बघायचं, घासायची आणि कापून बघायचं, आईचा शिवणाचा सगळा दोरा संपला...”

“तरीच!” भावजय म्हणाली.

मुंगी बोलतच होती. तिला थांबवावं लागणार होतं. बाईंनी थांबवलं नाही.

भाऊ कानस हातात घेऊन तसाच उभा होता. मग त्यानं ती परत खिळ्याला टांगली, जपून, आवाज न करता.

“माझं काही नाही यात, ताई,” तो म्हणाला. “काल बोलायला हवं होतं.”

“काल मीही ऐकायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “अर्ज कुठाय?”

संगणक पलंगाच्या कोपऱ्यात होता. पाचव्या जागी अजून काही भरलेलं नव्हतं. ‘स्वतःच्या कामाविषयी’ या रकान्यात मुंगीनं लिहिलं होतं : वडिलांच्या मदतीनं लिफ्टच्या ब्रेकचं एक साधं मॉडेल तयार केलं. बाईंनी वाचलं आणि त्यांना आपली जुनी कचेरी आठवली. जेवणानंतरची वेळ, समोर ढीग. हे वाक्य आलं असतं तर त्यांचा हात थांबला असता का? नसता. वडिलांच्या मदतीनं. साधं. मॉडेल. बाजूला सार.

“हे खोड,” त्या म्हणाल्या. “लिही, मी केलं.”

“तूच म्हणतेस ना आत्या, कमी सांगावं.”

“म्हणते. कारण मी समोर बसलेली असते, खोदून विचारायला. तिथे कुणी विचारणार नाही. तू चार आणे कमी केलेस. वाचणारा म्हणणार, पोरं वाढवूनच लिहितात. तो आणखी चार आणे कमी करणार.”

“आणि तू?”

बाईंना हे विचारलं जाईल असं वाटलं नव्हतं.

“मी तुझी आत्या म्हणून कमी केले,” त्या म्हणाल्या. “तू आधीच कमी केलंयस, ते न बघता. पारड्यावर अंगठा नव्हताच. मी नसलेला अंगठा उचलला, आणि त्याच्याबरोबर तुझंच वजन उचललं गेलं. लिही.”

मुंगी की-बोर्डवर हात ठेवून बसली. ‘मी’ लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. आरशासमोर नवे कपडे घालून उभं राहावं तशी तिची मान अवघडली होती. बाईंनी तिला मोठे शब्द घालू दिले नाहीत. फुकट गेलेल्या पाचरी घाल, म्हणाल्या. बिजागरी घाल. दोरा घाल. बापाचं नाव?

“भंगार आणून दिलं म्हणून लिही,” भाऊ पलंगावरून म्हणाला. “आणलं होतं मी. ते तरी राहू दे.”

“आणि कानस खाली ठेवायला लावली, हेही लिही,” भावजय म्हणाली.

घड्याळाचा काटा साडेचारच्या पुढे सरकला. सगळं भरून झालं. शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं. मुंगीनं मान वळवली.

“आत्या, हे पाठवलं तर खाली एकच हाताला येणारं उरतं. आता खरं सांग. काय येतं?”

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“उडीनं. पडूही शकशील. पण आभाळातलं नाही.”

आपला निकाल बदलायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. मुंगीनं बटण दाबलं. भावजय दोरा आणायला बाजारात गेली.

काही आठवड्यांनी मोठ्या विद्यापीठाकडून बोलावणं आलं. प्रवेश नव्हे, मुलाखत. केलेली वस्तू घेऊन या, आमच्यासमोर सुटी करून पुन्हा बसवा.

बाई बरोबर गेल्या. लांबच लांब व्हरांडा, एका बाजूला बंद दारं, दुसऱ्या बाजूला बाकं. बाकांवर आईबाप, सगळे आपापल्या पोराच्या दाराकडे बघत. इतकी वर्षं बाई दाराच्या आतल्या बाजूला होत्या. बाहेरचं बाक इतकं टणक असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. शेजारी भाऊ बसला होता, स्वच्छ सदरा, हात गुडघ्यांवर. अधूनमधून त्याची बोटं हवेतच काहीतरी फिरवून बसवत होती.

“आखूड डावीकडे,” तो पुटपुटला.

“तिला माहितीय.”

“मी स्वतःला सांगतोय.”

आतून बोलण्याचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग एका माणसानं काही विचारलं आणि मुंगीचा आवाज सुरू झाला. तो थांबेना. कुणीतरी मध्ये बोलायला गेलं, तरी थांबेना. बाईंनी डोळे मिटले. मग सगळं शांत झालं. लोखंड लाकडावर ठेवल्याचा आवाज. पुन्हा शांतता. ती इतकी लांबली की भावानं बाकाची कड घट्ट धरली.

आता कापणार.

बाई कान देऊन बसल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो पोरांचं ऐकलं होतं, पण असं कधी नाही.

खट.

त्या थांबल्या. भाऊही थांबला. व्हरांड्याच्या पार टोकाला कुणीतरी दार लावलं. दुसरा आवाज आला नाही.

“झालं?” भावानं विचारलं.

“तिचं झालं,” बाई म्हणाल्या. “आता त्यांचं राहिलं.”